पंख्याचा दोष तुम्ही शोधला होता, सुमनताई

सुमनताई,

होळी झाली की गाडी तुमच्याकडे आणायची, हा आपला सहा वर्षांचा नेम. यंदाही आणली. बमरोलीच्या तुमच्या गल्लीत वळलो तेव्हा गॅरेजचं शटर खाली होतं आणि घराच्या दारात चपलांचा ढीग होता. मला वाटलं, घरात काहीतरी कार्य असेल. शेजारच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यातला एक माणूस पुढे आला आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "सर, बाई तो गई. परसों. तीन दिन का बुखार, बस." इंजिन चालू, एसी चालू, आणि मी स्टिअरिंग धरून तसाच बसलो. किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही.

मग आतून तुमच्या यजमानांचा, भाऊरावांचा आवाज आला. "सरची गाडी आली. त्यायले आत बोलवा." त्यांना दिसत नाही, पण आमच्या गाडीचं इंजिन त्यांनी गर्दीतूनही ओळखलं.

आत गेलो. काय बोलायचं असतं अशा वेळी? मला सांगायचं होतं ते त्यांना नव्हतं, तुम्हाला होतं. म्हणून हे लिहितोय. तुम्ही मराठी वाचत होतात, सावकाश, बोट ठेवून; एकदा माझ्या हातातला दिवाळी अंक घेऊन म्हणाला होतात, "सर, इतकं बारीक अक्षर काऊन छापतात, बाप्पा?" म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. वेडेपणा आहे, पण लिहितोय.

पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल. मला तर रोज आठवतो.

तेव्हा आमची मीनू आठ वर्षांची होती. तिच्या अंगाला घाम येत नाही. जन्मापासूनच. ऐकणाऱ्याला ही गंमत वाटते, एकजण तर मला म्हणाला होता, "नशीबवान आहे हो पोरगी, सुरतेत राहून घाम नाही!" त्याला कसं सांगणार की माणसाच्या अंगातली गरमी घामावाटेच बाहेर पडते, आणि ती पडली नाही तर पोर अर्ध्या तासात तापाने फणफणते. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, हिला गरमीत कोंडू नका. फेब्रुवारी सरला की मीनूची शाळा म्हणजे आमच्या घरात रोजची परीक्षा. ओला पंचा, पाण्याची बाटली, आणि अलकाचा, माझ्या बायकोचा, तो घराच्या दारापर्यंत येऊन थांबणारा चेहरा.

गाडी माझ्या वडिलांची. ते पाटबंधारे खात्यात होते. एक पारशी गृहस्थ सुरत सोडून चालले होते, त्यांच्याकडून बाबांनी ती हौसेने घेतली. पन्नासच्या दशकातली इंग्रजी गाडी. गोल बोनेट, लाकडी डॅशबोर्ड, चामड्याचा वास. बाबा गेले आणि ती माझ्याकडे आली. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एसीवाली नवी गाडी परवडणारी नव्हती, म्हणून ह्याच गाडीत एसी बसवून घेतला. शहरातल्या एका दुकानाने बसवून दिला. डॅशबोर्डाखाली थंड हवेची पेटी, पुढे इंजिनाजवळ कॉम्प्रेसर, जाळीमागे गरमी बाहेर टाकणाऱ्या नळ्यांची चौकट आणि तिच्यापुढे विजेचा पंखा. पहिल्या दिवशी आम्ही कामरेजपर्यंत हायवेने जाऊन आलो. मीनूने काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "बाबा, स्वेटर आणायला हवा होता." अलका रडली. मला वाटलं, सुटलो.

नव्हतो सुटलो. गावात शिरलं की तीच गाडी गरम हवा टाकायला लागायची. सिग्नलला, बाजारात, आणि सगळ्यात जास्त रेल्वेच्या फाटकात. मी गाडी घेऊन त्या दुकानात जायचो, ते म्हणायचे गॅस कमी झालाय, भरायचे. दुसऱ्याकडे गेलो, त्यानेही गॅस भरला. तिसऱ्याने नळी बदलली आणि गॅस भरला. प्रत्येक जण पंखा फिरतोय का ते पाहायचा. फिरत होताच.

आणि मग एप्रिलमधली ती दुपार. शाळेतून आणताना फाटक पडलं. एक मालगाडी गेली, फाटक उघडलं नाही, दुसरी आली. पुढे ट्रक, मागे टेम्पो. एसीतून भट्टीसारखा वारा. मीनू आधी बडबडत होती, मग गप्प झाली. मी मागे वळून पाहिलं तर तिचा चेहरा लालबुंद आणि डोळे अर्धे मिटलेले. मी तिला उचलून गाडी तशीच सोडून पळालो. उसाच्या रसाच्या गाड्यावरच्या माणसाने बर्फाची अख्खी लादी तिच्या पायाशी ठेवली, फडकी भिजवून दिली. तिला शुद्ध आली तेव्हा मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देत होते, आणि मी रस्त्यावर बसलो होतो. त्या रसवाल्यानेच तुमचा पत्ता दिला. "बमरोली जाओ. भाऊराव का गॅरेज. वो देख नहीं सकता, पर उसकी बाई देखती है."

दुसऱ्या दिवशी आलो. तुम्ही नऊवारीच्या वर पुरुषी खाकी शर्ट घालून एका जीपखालून बाहेर आलात. मी विचारलं, "मेकॅनिक कुठे आहेत?"

तुम्ही हात पुसत म्हणालात, "पुढंच उभी हाय ना जी."

मला अजून त्याची लाज वाटते. ही पहिली लाज. दुसरी पुढे येते.

भाऊराव आत खाटेवर बसले होते. त्यांची गोष्ट मला नंतर कळली. गिरणीतल्या एसी प्लांटवर वर्षानुवर्षं काम केलेला माणूस; पुढे गाड्यांच्या कामात शिरला, आणि एका दुपारी गॅसची नळी सुटून तो बर्फाळ फवारा सरळ डोळ्यांत. वर्धेहून आलेल्या तुम्ही, तोवर शेजारच्या कारखान्यात सुताच्या बॉबिन भरत होतात. ते गिऱ्हाइकांना नाही म्हणून परत पाठवत बसले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुमी सांगा, मी पायते. मले दिसंन ते सांगते, तुमी ऐका." सुरुवातीला नुसतं जे दिसेल ते सांगायचं. मग पाना धरायचा. मग हळूहळू त्यांनी सांगायच्या आधीच तुमचे हात तिथे पोचायला लागले. हे सगळं तुम्ही मला एका ओळीत सांगितलं होतं: "माणूस बसला होता, मग मी उठली."

त्या दिवशी मी तुम्हाला गॅसबद्दल सांगायला लागलो. कोणी किती भरला, केव्हा भरला. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत.

"गॅसचं राहू द्या. गाडी कुठं थंड राहते अन् कुठं गरम होते, ते सांगा."

हा प्रश्न तोवर मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, हायवेला उत्तम. गावात वाईट. फाटकात सगळ्यात वाईट.

"मंग गॅस काऊन भरून राहिले, बाप्पा? गॅसले काय ठाऊक, हे फाटक हाय का हायवे हाय?"

भाऊराव खाटेवरून हसले. मी चपापलो. विद्यार्थ्याने कच्चं उत्तर दिलं की वर्गात जे होतं ते माझं झालं होतं.

मीनू गाडीत बसली होती, मांडीवर ओला पंचा घेऊन. तुम्ही तिच्या खिडकीशी गेलात. मी तिच्या आजाराचं सांगितलं तेव्हा तुम्ही 'अरेरे' केलं नाही. सगळे करतात. तुम्ही तिच्या कपाळावर हाताची उलटी बाजू ठेवलीत आणि म्हणालात, "म्हंजे माय, तुले अन् तुह्या गाडीले एकच त्रास हाय. आतली गरमी बाहेर टाकता येत नाही." मीनू हसली. आजाराबद्दल कोणी बोललं आणि ती हसली, हे मी पहिल्यांदा पाहत होतो.

मग तुम्ही इंजिन चालू करायला लावलंत. एसी चालू. पुढचा पंखा सुरू झाला. भाऊराव भिंतीला धरून गाडीजवळ आले, कान तिरका केला आणि म्हणाले, "सुमन, आवाज लय हाय. वारा तेवढा नाही."

तुम्ही बसक्या पाटावर गाडीच्या तोंडासमोर बसलात. हात पुसायला लूमच्या कचऱ्यातला सुताचा गुंता तुमच्या खांद्यावर असायचा. त्यातून एक लांब रेशमी धागा काढलात आणि जाळीसमोर धरलात. मी तुमच्या मागे उभा. तो धागा जाळीकडे ओढला जायला हवा होता, कारण पंख्याने बाहेरची हवा आत घ्यायची असते. धागा तुमच्या तोंडावर आला. तुम्ही पुन्हा धरलात. पुन्हा तोंडावर.

"अहो, हा तं उलटा फुंकून राहिला," तुम्ही भाऊरावांना सांगितलंत.

"पाती उलटी बसवली का?"

तुम्ही वाकून पाहिलंत. "पाती बरोबर हाय. फिरतेच उलटा." मग उठलात, बोनेट उघडलंत आणि बॅटरीकडे पाहत राहिलात. मला वाटतं दोन मिनिटं तरी. तुम्ही तारेवरून बोट फिरवत फिरवत गाडीच्या पत्र्यापर्यंत आलात. "सर, तुमच्या गाडीत धन टोक बॉडीले जोडलेलं हाय. आमी तं ऋण टोक बॉडीले पायतो."

आणि मी म्हटलं, "हो, जुन्या इंग्रजी गाड्यांत असंच..." आणि थांबलो.

सुमनताई, मला ते माहीत होतं. बाबांनी मला लहानपणी सांगितलं होतं. दरवर्षी वर्गात मोटरचा धडा शिकवताना मी मुलांना ती गंमत सांगायचो, की माझ्या घरी एक गाडी आहे जिची वीज उलटी जोडलेली आहे. आणि त्याच तासाला, त्याच फळ्यावर मी लिहायचो: टोकं उलटी जोडली तर मोटर उलटी फिरते. एसी बसवणाऱ्यांनी आजच्या रीतीने तारा जोडल्या, मोटर उलटी फिरली, पंखा गाडीची गरम हवा बाहेर ढकलू लागला. हायवेला समोरून येणारा वारा त्या पंख्याला पुरून उरायचा, म्हणून थंड. फाटकात वारा नाही, म्हणून भट्टी. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारीशेजारी होत्या आणि माझी मुलगी बेशुद्ध पडेपर्यंत मी त्या एकमेकींना भेटवल्या नव्हत्या. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेल्या, एका धाग्याने तुम्ही ते केलंत.

तुम्ही दोन तारा बदलल्यात. तेवढंच. धागा सरळ जाळीत गेला. मग म्हणालात, "बाहेरचा उलटा, तं आतला कसा सुलटा असंन?" आणि आतल्या पेटीच्या पंख्याच्याही तारा बदलल्यात. तो पंखा बंद डब्यातला, उलटा फिरला तरी थोडा वारा फेकतोच, म्हणून कोणाला शंका आली नव्हती. मीनूला म्हणालात, "हात धर माय इथं. वारा वाढला का?" ती किंचाळली, "खूप! मावशी, खूप!"

मी हात जोडायला लागलो, तर तुम्ही पुन्हा थांबवलंत. "गाडी माह्या अंगणात थंड झाली म्हंजे झाली नाही. बिघडते तिथं नेऊन दाखवा." आणि तुम्ही, भाऊराव, मीनू, आपण सगळे त्याच फाटकाकडे निघालो. फाटक उघडं! मी गाडी बाजूला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी फाटक बंद व्हायची वाट पाहत होतो. भाऊराव म्हणाले, "सर, गाडी उशिरा हाय वाटते." तुम्ही म्हणालात, "आपल्याले पायजे तवा कधी वेळेवर आली?" शेवटी घंटा वाजली, आपण पुढे सरकून रांगेत उभे राहिलो, आणि आत गारवा. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग भाऊराव म्हणाले, "पंखा बारीक झाला." खरंच, आवाज उतरत होता. जुन्या गाडीचा डायनॅमो. इंजिन संथ असलं की तो पुरेशी वीज करत नाही, आणि पंखा दमतो. तुम्ही विचारलंत, "इंजिन थोडं पळतं ठेवायची काही सोय हाय का?" होती. डॅशबोर्डवर एक खुंटी होती, ती ओढली की पाय न लावता इंजिन वेग घेतं. बाबा थंडीत वापरायचे. मी ओढली. पंखा पुन्हा वर चढला. तुम्ही मागच्या सीटवरून म्हणालात, "झालं. हे बनवणाऱ्यानं आधीच ठेवून देल्लं होतं."

फाटकातून निघाल्यावर मीनूने हट्ट धरला म्हणून चलथाणपर्यंत गेलो. साखर कारखान्याचा गोड, आंबूस वास एसीतूनही आत येत होता. हंगाम संपत आला होता, उसाच्या शेवटच्या गाड्या रांगेत. तुम्ही उतरून एका बैलगाडीवाल्याकडून कांडं मागून आणलंत, दाताने सोललंत आणि मीनूला दिलंत. भाऊरावांना विचारलंत, "थंडी वाजते का?" ते म्हणाले, "वाजते." तुम्ही एसी बंद करू दिला नाहीत. म्हणालात, "वाजू द्या. वर्धेचा उन्हाळा काढला आपण. हे कोणाले मिळते?"

परतताना आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणालो, डायनॅमो काढून टाकू, संथ इंजिनावरही पुरेशी वीज देणारा आजच्यासारखा अल्टरनेटर बसवू, सगळ्या तारा नव्या रीतीने करून घेऊ. तुम्ही साफ नाही म्हणालात. "गाडी चाळीस वर्षांची. एसी काल आला. जुळवून कोणी घ्यायचं? मागून आला त्यानं." मी म्हटलं, हे शास्त्र नाही, हट्ट आहे. तुम्ही म्हणालात, "असंन. पण बाबायची गाडी हाय, तुमची नाही." दरवर्षी होळीनंतर आपण तेच बोलायचो. गेल्या वर्षी मी आकडेमोड करून आणली होती, किती वीज, किती भार. तुम्ही मला तो कागद भाऊरावांना वाचून दाखवायला लावलात, शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "हिशोब बरोबर हाय सर. चहा घेता?" अजूनही मला वाटतं माझंच बरोबर आहे. आता कोणाशी भांडू?

दुसरं भांडण पाटीवरून. पाटीवर भाऊरावांचं नाव. मी म्हणायचो, तुमचं नाव लावा. गिऱ्हाइकं तुमच्यासाठी येतात. तुम्ही म्हणायचात, "नाव वाचून कोणाची गाडी थंड होते का?" एकदा मी फारच लावून धरलं, तेव्हा तुम्ही जरा तीक्ष्ण नजरेने पाहिलंत आणि म्हणालात, "नावाचं लय मनावर घेता तुमी, सर."

त्या नजरेचं मूळ मला माहीत होतं. आता ते सांगतो. तुम्हाला माहीतच आहे. तरी मला सांगायचं आहे.

पंखा सुधारल्यावर आठवड्याभराने मी स्टाफरूममध्ये ती हकीकत सांगितली. देसाई सर, आमचे गणिताचे, सगळ्यात उत्सुक. मी फाटकाचं सांगितलं, धाग्याचं सांगितलं, तारांचं सांगितलं. तुमच्या गॅरेजचंही सांगितलं. पण सांगता सांगता धागा माझ्या हातात आला. मला कळलंच नाही कधी आला. "मग मी बॅटरी पाहिली, आणि डोक्यात एकदम प्रकाश पडला," मी म्हणालो. देसाई सरांनी टेबलावर थाप मारली. "शुं वात छे! फिजिक्स भणावे ते आ!" फिजिक्स शिकवतो तो हा! सगळे हसले, कोणीतरी चहा मागवला. मी ते तिथेच दुरुस्त करू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. केलं नाही.

आणि मग ती हकीकत पसरली. मुलांनी ऐकली. घरी पाहुणे आले की लोक ती सांगायचे आणि माझ्याकडे पाहायचे. पुढच्या उन्हाळ्यात देसाई सरांच्या गाडीचा एसी बिघडला, त्यांना घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही बोनेट उघडलंत, आणि देसाई सर मोठ्या कौतुकाने म्हणाले, "बहनजी, हमारे सर को आप जानती हैं ना? इन्होंने खुद पकड़ा था, पंखा उल्टा चलता है. आप लोगों को भी पता नहीं था!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. नीट पाहिलंत, बॅटरीकडे पाहिलं होतं तसं. आत भाऊराव खाटेवर होते, त्यांनीही ऐकलं. त्यांनी मान खाली घातली. मग तुम्ही म्हणालात, "हां जी. सरनेच बताया था." आणि दहा नंबरचा पाना मागितलात, म्हणजे स्वतःच जाऊन आणलात.

मी तेव्हाही ते दुरुस्त केलं नाही. त्यानंतरही नाही. दर होळीनंतर यायचो, भांडायचो, चहा प्यायचो, मीनूची प्रगती सांगायचो, आणि ते एक वाक्य तेवढं राहून जायचं. तुम्ही कधी त्याचा विषय काढला नाहीत, एका त्या नजरेखेरीज. मीनू तुमच्याकडे सुट्टीत येऊन बसायची, तुमच्याकडून ज्वारीची भाकरी थापायला शिकली, तिला गॅस आणि कॉम्प्रेसर आणि तुमच्या वर्धेच्या गोष्टी तोंडपाठ झाल्या. त्या दिवसानंतर उन्हाने तिची एकदाही शुद्ध हरपली नाही. सहा उन्हाळे. हे तुम्ही आम्हाला दिलंत, आणि मी त्यावरचं तुमचं नाव पुसलं.

तुमच्या घरून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. स्टाफरूममध्ये देसाई सर पेपर तपासत होते. मी उभ्यानेच सांगितलं. सगळं, धागा कोणी धरला, बॅटरी कोणी पाहिली. आणि त्या दिवशी गॅरेजात खोटं कोण बोललं आणि कोणासाठी बोललं. आणखी चार जण ऐकत होते. देसाई सरांनी पेन खाली ठेवलं. "तो ते वखते केम ना बोल्या?" त्या वेळी का नाही बोललात? मी म्हटलं, "शरम." मग ते हळूच म्हणाले, "मैंने उनके मुँह पर कहा था ना? कि आपको पता नहीं था?" त्यांचाही चेहरा पडला. माझ्या खोट्याने त्यांच्याकडूनही तुमचा अपमान करवला होता. हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

संध्याकाळी घरी मीनूला सांगितलं. ती आता चौदा वर्षांची आहे. माझी तयारी होती ती रडेल याची, चिडेल याचीही. ती तुमच्यासाठी दोन दिवस रडतच होती. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, मला माहीत आहे. मी गाडीतच होते ना."

होती. हात धरून वारा मोजणारी तीच होती. इतकी वर्षं पाहुण्यांपुढे माझी ती गोष्ट ऐकताना ती त्याच खोलीत असायची, आणि मी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"मी मावशीला विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी. म्हटलं, तुला राग नाही आला? ती म्हणाली, 'आला व माय, लय आला. त्या दिवशी भाकर गोड नाही लागली.' मग म्हणाली, 'पण तू बेसुद पडली तवा तुह्या बापाच्या हातून काहीच झालं नव्हतं. त्याले वाटत असंन, निदान हे तरी म्या केलं असतं. म्हणून म्हटलं, घेऊ दे त्याले.' आणि म्हणाली, तू काही बोलू नको. 'तो सांगंन. मास्तर हाय तो. आज ना उद्या सांगंन.'"

सांगितलं, सुमनताई. सगळ्यांना सांगितलं. उद्या तुमचं तेरावं आहे, तिथे भाऊरावांसमोर आणि तुमच्या गल्लीसमोरही सांगणार आहे.

फक्त तुम्हाला ऐकू येत होतं, तेव्हा नाही सांगितलं.